पॅकेज कोणाचे, उगम कुठला? : संगणकविद्येतील सनदेचा विचार

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यांतून पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "मुलाला कॉम्प्युटरला घालावे म्हणतो, कोणता कोर्स बरा?" मुलींचे पालकही आता हा प्रश्न विचारू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कोर्सचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आज मी कोर्सविषयी न बोलता एका सवयीविषयी बोलणार आहे. हातात आलेली वस्तू मूळ कोठून आली, ती कोणाकोणाच्या हातून आली आणि वाटेत तिच्यात काय बदल झाला, हे विचारण्याची ती सवय होय.

आपण सातारा-सांगलीची माणसे आहोत. ही सवय आपल्याला नदीने लावली आहे. कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून खाली येते, कराडला कोयनेला मिळते आणि मग सांगलीला येते. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी पाहतो, पण तेवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे, कराडला पाणी किती आहे, हे तो विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये येथे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा हा प्रश्न घराघरांत जीवन-मरणाचा झाला होता. दारात आलेल्या पाण्याचे कारण वरच्या अंगाला असते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

संगणकाच्या जगातही नेमका हाच शब्द वापरतात. प्रोग्रॅम जेथे मूळ लिहिला जातो त्या जागेला 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे नदीचे वरचे अंग. आणि तो प्रोग्रॅम ज्यांच्यामार्फत आपल्यापर्यंत पोहोचतो ते सारे खालच्या अंगाचे. साताऱ्याला उगम आणि सांगलीला वापर, असे समजा.

आता थोडी ओळख करून घेऊ. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा संगणक चालविणारा मूळ गाभा लिहून सर्वांना खुला केला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर करून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा पाया घातला होता. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता, अर्थात सोर्स कोड, कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. परंतु अशी हजारो साधने जगभर हजारो ठिकाणी लिहिली जातात. ती गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून लोकांना सोयीने देण्याचे काम ज्या संस्था करतात त्यांना डिस्ट्रिब्युशन, म्हणजे वितरण, म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे त्यांपैकी एक जुने वितरण. फेडोरा, उबुंटू ही आणखी काही नावे. आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' हे वितरण डेबियनवर आधारलेले आहे. म्हणजे बॉस वापरणाऱ्याला डेबियन वरच्या अंगाला, आणि डेबियनला मूळ लेखक वरच्या अंगाला.

वितरण जे आपल्या हाती देते त्याला पॅकेज म्हणतात. सांगलीच्या हळदीचे उदाहरण घ्या. हळद शेतात पिकते, शिजते, वाळते, पॉलिश होते, अडत दुकानात येते, सौदा होतो आणि मग कोणा व्यापाऱ्याच्या नावाच्या पुडीतून घरी जाते. पुडीवरचे नाव पिकवणाऱ्याचे नसते. हळद चांगली असेल तोपर्यंत कोणी विचारत नाही. पण उद्या पुडीत भेसळ निघाली, तर ती शेतात झाली, गिरणीत झाली की पुडी बांधताना झाली, हे शोधायला मागचा कागद लागतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशीही माल कोठला हे सांगता यावे, हाच विचार आहे.

पॅकेजचा हा मागचा कागद कोठे असतो? तो प्रत्येक पॅकेजसोबत असतोच, पाहणारे थोडे. डेबियनमध्ये पॅकेजच्या मूळ संचाचे तीन भाग असतात. पहिला भाग मूळ लेखकाचा गठ्ठा, जसा आला तसा. दुसरा भाग वितरणाने केलेले बदल आणि बांधणीच्या सूचना. तिसरा भाग म्हणजे सहीनिशी केलेली यादी. तिच्यात प्रत्येक फायलीचा 'ठसा' नोंदलेला असतो. हा ठसा गणिताने काढलेला ६४ चिन्हांचा आकडा असतो. फायलीतले एक अक्षर बदलले तरी ठसा साफ बदलतो. शिवाय मूळ प्रकल्पाचे घर कोठे आहे, नवी आवृत्ती निघाली का हे कोठे पाहावे, हक्क कोणाचे आणि परवाना कोणता, याच्या नोंदी असतात. फेडोरामध्ये हेच काम एका सूचनापत्राने होते. त्यात मूळ गठ्ठ्याचा पत्ता आणि त्यावर लावलेल्या ठिगळांची यादी ओळीने लिहिलेली असते. आवृत्तीचा आकडाही बोलका असतो. आडव्या रेघेच्या आधीचा आकडा मूळ लेखकाचा आणि नंतरचा वितरणाचा.

एवढे सगळे असताना दुवे तुटतात कसे, असे आपण विचाराल. त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण नावाचे. एकच वस्तू दोन गावांत दोन नावांनी ओळखली जाते. वेबसाइट पुरविणारा अपाचे हा प्रोग्रॅम डेबियनमध्ये 'अपाचे-टू' आहे, तर फेडोरात 'एचटीटीपीडी'. नावावरून शोधणारा फसतो.

दुसरे कारण घर बदलण्याचे. मूळ प्रकल्प ज्या जागी ठेवला होता ती जागाच बंद होते. गुगलने प्रकल्पांसाठी चालविलेले भांडार २०१६ साली बंद झाले. फेडोराने चालविलेले असेच एक भांडार २०१७ साली बंद झाले. पॅकेजवर जुना पत्ता तसाच राहिला तर पत्र टाकणारा रिकाम्या घराचे दार वाजवीत बसतो. अशा हरवणाऱ्या संहितांसाठी २०१६ साली फ्रान्समध्ये 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा जतन-प्रकल्प सुरू झाला आहे.

तिसरे कारण वाटणीचे. एका मूळ गठ्ठ्यातून वितरण कधी पाच-दहा पॅकेजे बनविते. आणि कधी एखादा लेखक दुसऱ्याची संहिता आपल्या गठ्ठ्यात तशीच चिकटवून ठेवतो. मूळ जागी दोष दुरुस्त झाला तरी ही चिकटवलेली प्रत जुनीच राहते, आणि ती तेथे आहे हे कोणाच्या ध्यानीही नसते.

आता आपल्या मराठीचे उदाहरण सांगतो. लिनक्सवर मराठी अक्षरे दाखविण्यासाठी 'लोहित' या कुलातील फॉन्ट बराच काळ वापरात आहेत. रेड हॅट या कंपनीने ते खुले केले आणि पुण्यातील अभियंत्यांनी त्यांची दीर्घकाळ देखभाल केली. २०११ साली त्यांचा परवाना बदलून फॉन्टसाठीचा खास मुक्त परवाना लावण्यात आला. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे हे आपण पहिलीत शिकलो आहोत. परंतु संगणकाच्या लेखी दोन्ही 'ल' चा क्रमांक एकच आहे. वळण कोणते दिसावे हे फॉन्ट ठरवितो. म्हणून मराठीसाठी वेगळे लोहित मराठी आहे. फेडोरात त्याचे पॅकेज एका नावाने आहे, डेबियनमध्ये दुसऱ्या नावाने.

समजा, कराडच्या एखाद्या शाळेतील मुलीला दिसले की एक जोडाक्षर चुकीचे उमटते आहे. तिच्यापुढे तीन मार्ग आहेत. ती आपल्या शाळेच्या संगणकावरची फाइल दुरुस्त करील. त्या दिवशी काम भागेल, पण पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आपोआप बसेल आणि तिची दुरुस्ती पुसली जाईल. दुसरा मार्ग म्हणजे ती वितरणाला कळवील. ते ठिगळ लावतील आणि त्या वितरणाचे लोक सुखी होतील, पण दुसरे वितरण वापरणाऱ्या शेजारच्या शाळेत चूक तशीच राहील. तिसरा मार्ग म्हणजे ती पॅकेजच्या कागदांवरून उगमापर्यंत जाईल, मूळ प्रकल्पाला दोष दाखवील आणि जमल्यास दुरुस्तीही देईल. मग ते पाणी साऱ्या कालव्यांतून वाहील. कराडच्या मुलीची दुरुस्ती परभणीत, बेळगावात आणि अमेरिकेतल्या मराठी घरातही पोहोचेल. महाराष्ट्र शासन मराठी अक्षरांच्या प्रमाण रूपांविषयी निर्णय काढते, ते योग्यच आहे. परंतु ते रूप पडद्यावर उतरविणारा हात उगमापाशीच असावा लागतो.

येथवर मी सोयीची बाजू सांगितली. आता धोक्याची बाजू सांगतो, कारण पालकांनी ती ऐकणे जरूर आहे.

पहिली घटना खालच्या अंगाला घडली. ओपन-एस-एस-एल नावाचे एक साधन आहे. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २००६ साली डेबियनमध्ये त्याच्या संहितेतील एक-दोन ओळी गाळण्यात आल्या. एका तपासणी-साधनाची तक्रार मिटावी एवढाच हेतू होता. परंतु किल्लीमध्ये यदृच्छा, म्हणजे कोणालाही अंदाज न येणारा अंश, मुख्यतः त्याच ओळींमुळे मिसळत होता. मे २००८ मध्ये चूक उघड झाली तेव्हा असे दिसले की, त्या काळात डेबियन व त्यापासून निघालेल्या वितरणांवर बनलेली प्रत्येक किल्ली एका प्रकारच्या सुमारे ३२ हजार शक्यतांपैकीच एक होती. चोराला एवढ्या किल्ल्या लावून पाहणे अगदी सोपे असते. मूळ लेखकाच्या संहितेत ही चूक नव्हती. उगमाचे पाणी स्वच्छ होते, ते वाटेत बिघडले.

दुसरी घटना याच्या उलट. एक्स-झेड नावाचे फाइल आवळून लहान करणारे साधन आहे. ते एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणी एक जण मदतीला येऊ लागला. चांगली कामे करून त्याने विश्वास मिळविला आणि पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळविला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या काढल्या. त्यांत दूरच्या संगणकात शिरण्याचा चोरदरवाजा होता. त्याची रचना पाहा. विषारी भाग चाचणीच्या फायलींत दडवलेला होता. तो जागा करणारा मजकूर मात्र लोकांच्या नजरेसमोरच्या संहिता-भांडारात नव्हताच, तो फक्त वितरणांना दिलेल्या तयार गठ्ठ्यात होता. भांडार वाचणाऱ्याला काहीच दिसले नसते. गठ्ठा आणि भांडार शेजारी ठेवून ताडून पाहणाऱ्यालाच फरक दिसला असता.

याच घटनेत आणखी एक गोम आहे. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या ओपन-एस-एस-एच या प्रोग्रॅमचा मूळ संहितेत एक्स-झेडशी काही संबंध नाही. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी सोयीसाठी त्यावर एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळाच्या मागून दुसरे एक साधन आले आणि त्याच्या मागून एक्स-झेड आले. म्हणजे चोर वरून आला आणि दार खाली उघडे होते. दोन्ही दुवे लिहून ठेवलेले नसतील तर असा गुंता सुटत नाही.

हा प्रकार उघड केला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. त्याचे काम डेटाबेसचे, पहारेकऱ्याचे नव्हे. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढे त्याला खटकले. "चालायचेच" असे न म्हणता तो मागे मागे गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने साऱ्या जगाला सावध केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो माल अजून उतरला नव्हता. चाचणीच्या पायरीवरच तो पकडला गेला.

बंधुभगिनींनो, या दोन घटना वाचल्यावर आपल्या घरातील एक जुनी विद्या आठवल्याशिवाय राहत नाही. दीनी इल्मची बरोबरी मी यंत्राशी करीत नाही, तसे करणे गैर होईल. परंतु तपासाची पद्धत म्हणून जे शिकण्यासारखे आहे ते शिकण्यास हरकत नसावी. हदीसचे दोन भाग असतात हे आपली मदरशातील मुलेही जाणतात. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि मतन म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी साखळीतील प्रत्येक रावीची चौकशी केली. हा त्याला खरोखर भेटला होता काय? याची स्मरणशक्ती कशी? सचोटी कशी? मधली एक कडी निखळली तरी रिवायतीचा दर्जा उतरत असे. आणि साखळी निर्दोष दिसली तरी मतन इतर खात्रीच्या रिवायतींशी ताडून पाहिला जाई. बाराशे वर्षांपूर्वी, छापखाना नसताना, ही शिस्त उभी राहिली.

२०२४ च्या घटनेत साखळी वरवर अखंड होती. नाव होते, अधिकार होता, सहीदेखील होती. मजकूर मात्र ताडून पाहिला गेला नव्हता. २००८ च्या घटनेत मजकूर बदलला, आणि तो बदल मूळ लेखकाच्या नजरेखालून नीट गेला नाही. म्हणून आता वितरणे दोन्ही बाजूंनी कसोशी करू लागली आहेत. गठ्ठ्याऐवजी थेट भांडारातून संहिता घ्यावी, हा विचार बळावला आहे. प्रत्येक ठिगळावर ते कोणी लावले, का लावले आणि मूळ लेखकाला कळविले की नाही, हे लिहिण्याचा प्रघात डेबियनमध्ये आहे. तसेच २०१३ पासून तेथे आणखी एक प्रयत्न चालू आहे. एकाच संहितेवरून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी पॅकेज बांधले, तर ते अक्षरशः एकसारखे निघाले पाहिजे. तसे निघाले तर बांधताना कोणी काही मिसळले नाही याची खात्री पटते.

आपल्या मिरजेत शिकलगार घराण्यांतील कारागीर पिढ्यान् पिढ्या सतार आणि तंबोरे बनवितात. २०२४ साली त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. चांगला कारागीर वाद्य हातात घेताच भोपळा कसा आहे, लाकूड कोणते आहे, जवारी कोणत्या हाताने काढली आहे, हे सांगतो. शागीर्दाला तो आधी तयार वाद्य खोलायला शिकवितो. आमच्या मुलांना संगणक शिकवितानाही हाच क्रम हवा. आज काय होते? मूल तयार वस्तू वापरायला शिकते, एक प्रमाणपत्र घेते, आणि शेवटच्या वर्षी कोणाचा तरी तयार प्रकल्प आणून आपल्या नावाने सादर करते. त्या प्रकल्पातील संहिता कोठली, असे मुलाखतीत विचारले की मान खाली जाते. पालकांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी त्या एका प्रश्नापाशी वाया जाते. दुसऱ्याची संहिता वापरणे हा गुन्हा नाही. मुक्त परवाना ती मुभा देतोच. पण मूळ लेखकाचे नाव पुसणे ही अमानतीत खयानत आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक काम सुचवितो. याला फी लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. शाळेतील किंवा ओळखीच्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घ्या. त्यातील एक लहानसे पॅकेज निवडा. एका वहीत पाच रकाने आखा. पॅकेजचे नाव आणि आवृत्ती. वितरणात त्याची देखभाल कोण करतो. मूळ प्रकल्पाचे घर आणि ते आज चालू आहे की बंद. वितरणाने लावलेली ठिगळे आणि त्यांची कारणे. परवाना कोणता. मग मूळ गठ्ठा उतरवून घ्या, त्याचा ठसा काढा आणि यादीतील ठशाशी ताडा. शक्य असेल तर भांडाराशीही ताडा. एका पॅकेजला एक रविवार पुरेल. वर्षाकाठी अशी वीस पॅकेजे ज्याने उगमापर्यंत नेली, त्याला संगणक आतून कसा बांधला आहे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले समजेल. आणि वाटेत एखादा बंद पडलेला पत्ता किंवा न कळवलेले ठिगळ सापडेलच. ते संबंधितांना नम्रपणे कळवा. हे जगाच्या उपयोगाचे काम आहे, आणि आपल्या नावाची एक कडी त्या साखळीत कायमची राहते.

पालकांना एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी घरी आल्यावर "किती मार्क पडले?" हे आपण विचारताच. त्याबरोबर "आज जे शिकलास ते मूळ कोणाचे?" हेही अधूनमधून विचारा. उत्तर आपल्याला समजले नाही तरी चालेल. विचारणारे कोणी आहे एवढे मुलाला कळले, तरी ते उत्तर शोधू लागते.

कृष्णेचे पाणी आपण ओंजळीत घेतो तेव्हा महाबळेश्वर दिसत नाही. पण ते तेथे आहे आणि वाट विचारली तर तेथपर्यंत पोहोचता येते, हे ठाऊक असणाऱ्याला शहाणे म्हणतात. आपली मुले अशी शहाणी निघोत आणि त्यांच्या इल्ममध्ये बरकत येवो, अशी अल्लाहकडे दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.